पिवळ्या कोपऱ्याची कार्डं

बाई,

तुम्ही फार शांत होतात, असं तुम्ही गेल्यापासून तिघाचौघांनी सांगितलं. दवाखान्याच्या ओसरीवर बसून लोक बोलतात आणि मी आतून ऐकते. बाईंचा आवाज म्हणे कधी चढला नाही. चार माणसं दिसली की मला शब्द सापडत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. पण या वहीत कोणी बघायला येत नाही, म्हणून लिहिते. तुम्ही शांत नव्हतात. तुम्ही टेबलावर हात आपटायचात. उकळत्या पाण्यातल्या सुया वेळेवर काढल्या नाहीत तर पार एसटी स्टँडवर ऐकू जाईल असं बोलायचात. आणि एकदा मला जे बोललात ते मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. लोकांनी त्यांची शांत बाई खुशाल घेऊन जावी. माझ्याशी भांडणारी होती ती माझी.

काल पुण्याचे सर आले होते. तुमचे गुरुजी, ज्यांचं पत्र आलं की तुम्ही हात धुऊन मग पाकीट फोडायचात. त्यांनी कार्डांच्या पेट्या मागितल्या. पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायचंय. पण आपलं भांडण अर्धवट राहिलंय, त्यामुळे आधीचंही एकदा नीट मांडते.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली आईनं मला वडगाव रासाईहून शिरूरला तुमच्याकडे आणलं, बाटल्या धुवायला आणि सुया उकळायला. तुम्ही विचारलंत, "किती शिकलीस?" मी मान खाली घातली. आई म्हणाली, "चौथी पास हाय. अक्षर लई चांगलं हाय पोरीचं." तुम्ही औषधाच्या चिठ्ठीचा कागद पुढे केलात आणि म्हणालात, "लिही, काय वाटेल ते." मी गावाचं नाव लिहिलं. तुम्ही कागद उजेडात धरून बघितलात आणि घडी करून खिशात घातलात. महिन्याभरानं त्याचा अर्थ कळला. एके दिवशी तुम्ही कोऱ्या कार्डांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवलात आणि इंग्रजी अक्षरं काढायला शिकवलीत. शब्द शिकवले नाहीत, नुसती अक्षरं. अजूनही मला इंग्रजी वाचता येत नाही. उतरवता येतं.

तुम्हाला एकच गोष्ट शोधायची होती. अंगावर पिणाऱ्या लेकराला जुलाब लागले तर आईचं दूध तोडावं की चालू ठेवावं. दवाखान्यात रोज हाच प्रश्न यायचा आणि रोज दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगायचे. तुम्ही म्हणालात, "एकेकट्याचं मत नको, अनुसया. जगात ज्यांनी ज्यांनी लेकरं तपासून लिहिलंय ते सगळं गोळा करू. मग सगळ्यांचं मिळून काय निघतं ते बघू." त्यातून एक लेख लिहायचा होता. तो डॉक्टरांच्या मासिकात छापून आला की तालुक्यातालुक्यातले डॉक्टर एकच सांगतील, असं तुम्हाला वाटत होतं.

मला वाटलं होतं, पुण्याला जायचं, पुस्तकं उघडायची, झालं. पण तिथल्या कॉलेजच्या लायब्ररीत आधी यादी निवडावी लागते. कोणत्या डॉक्टरानं कोणत्या मासिकात कुठल्या पानावर काय लिहिलं, याच्या याद्याच छापलेल्या असतात. मासिकं हजार, ती कोण चाळणार? म्हणून यादी चाळायची. आणि याद्या एक नाही, तीन. एक अमेरिकेची. तिचे खंड एवढे जाड की दोन हातांनी उचलावे लागत. एक युरोपातली, तिच्यात प्रत्येक लेखाचा सारांशही दिलेला. आणि एक आपल्या देशातली. पातळ, कागद पिवळट, छपाई पुसट, अंक नेहमी उशिरा येणार. मी त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणायला लागले. तुम्ही हसलात आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्हीही तसंच म्हणू लागलात.

पण तुमचं ठरलेलं होतं, थोरलीच बघायची. सरांनी तुम्हाला तसं शिकवलं होतं, जे महत्त्वाचं ते तिच्यात असतंच. मधली आणि धाकटी नुसती खात्रीसाठी, थोडी थोडी चाळायची. मी कोण बोलणार होते? तुम्ही मथळे शोधायचात, त्यावर बोट ठेवायचात आणि मी उतरवायची. लिहिणाऱ्याचं नाव, मासिकाचं तुटकं नाव, खंड, पान, साल. एका लेखाला एक कार्ड. कोणतं कार्ड कुठल्या यादीतून आलं ते कळावं म्हणून शिरूरला आल्यावर कापसाच्या बोळ्यानं कोपरा रंगवायचा. थोरलीला जखमेवरचं लाल औषध, मधलीला जांभळं, धाकटीला पिवळं. कंपाउंडर आप्पा कुरकुर करायचे. "अनसे, हितं माणसांच्या जखमा रंगवायला औषध पुरंना, आन् तू कागदं रंगवतीस."

मग ती चूक झाली. माझीच होती, नाकारत नाही. एकच लेख दोन याद्यांत आला तर त्याची दोन कार्डं होतात. ती ओळखून एक बाजूला काढायचं, हे काम तुम्ही माझ्यावर सोडलंत. आमच्या गावात आडनाव एक म्हणजे भावकी एक. मी नाव बघितलं, साल बघितलं. दोन्ही सारखं दिसलं की म्हटलं एकच माणूस, एकच लेख. जादाचं कार्ड मी सुयांच्या पाण्याखालच्या चुलीत घालत होते, पेटवणाला. तुम्ही पंधरा दिवसांनी पेटी उघडलीत आणि विचारलंत, बाकीची कुठं आहेत. मी चुलीकडे बोट केलं.

तुम्ही म्हणालात, "ही वेगवेगळी माणसं होती, अनुसया. वेगवेगळ्या गावची. नुसतं आडनाव एक." मग टेबलावर हात आपटलात, आणि पुढे आलं ते वाक्य. "चूक माझीच. चौथी शिकलेल्या मुलीला हे काम दिलं."

आप्पा दाराशी उभे होते. त्यांनीही ऐकलं. मी चुलीपुढे बसून राहिले. रडले नाही. जळालेली कार्डं पुन्हा लिहून आणायला आपल्याला पुण्याच्या दोन फेऱ्या पडल्या, आणि दोन्ही वेळा तुम्ही माझ्याशी कामापुरतंच बोललात. पण कसं ओळखायचं ते तुम्ही त्याच वेळी शिकवलंत. नावावर जाऊ नकोस, खंड आणि पान बघ. खंड, पान आणि साल तिन्ही जुळलं तरच जोडी. जोडी जुळली तर टाचणी लाव, जाळू नकोस. तेव्हापासून मी एकही कार्ड चुकवलेलं नाही. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

आता तुम्हाला कधी न सांगितलेलं सांगते. माझी सुजाता सात महिन्यांची होती. मी तेव्हा यवतला सासरी होते. तिला जुलाब लागले. सासूनं वाटीत माझं दूध पिळून घेतलं आणि त्यात मुंगी सोडली. मुंगी मेली, म्हणजे आईचं दूध बाधलंय, असा तिकडे हिशेब. मुंगी कुठल्याही दुधात मरते हे मला तेव्हा सुचलं नाही. तरी नवऱ्याच्या पाया पडून मी पोरीला दौंडला एका डॉक्टरांकडे नेलं. वाटलं, शिकलेला माणूस तरी पाज म्हणेल. त्यांनीही तेच सांगितलं. पोटाला विश्रांती द्या, दूध बंद. सासूची वाटी आणि डॉक्टरांची चिठ्ठी, दोन्ही एक झाल्यावर मी कोणाला विचारणार? माझं ऊर भरून वाहत होतं, लुगडं भिजत होतं, आणि ती माझ्याकडे तोंड करून ओठ हलवत होती. तिसऱ्या दिवशी गेली. आईनं मला माहेरी आणलं ते त्यानंतर.

हे तुम्हाला आईनं सांगितलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. तुम्ही कधी विचारलं नाहीत. मीही म्हटलं नाही की बाई, तुम्ही जगभर शोधताय तो प्रश्न माझ्या मांडीवर घडून गेलाय. तुम्हाला वाटत असेल, अनुसया हुकमाची ताबेदार, सांगेल ते उतरवते. मी एकेक कार्ड कशासाठी लिहीत होते, ते आता तरी कळू द्या.

म्हणूनच पिवळी कार्डं माझ्या डोळ्यांत भरली. ती थोडीच होती, आपण धाकटी चाळलीच होती थोडी. जोड्या लावायला बसले तर जांभळ्यांना लाल जोडीदार पटापट मिळत होते. पिवळ्यांना मिळत नव्हते. खंड बघितला, पान बघितलं, साल बघितलं. एखाददुसरं सोडलं तर पिवळी सगळी एकटी. मी तुम्हाला येऊन म्हटलं, "बाई, ह्या पिवळ्यांना जोडीदारच न्हाईत. थोरलीला ही ठावंच न्हाईत."

तुम्ही मान वर केली नाहीत. "पुन्हा काहीतरी चुकवलंस."

"न्हाई चुकवलं."

"थोरलीत सगळं असतं, अनुसया. नीट बघ."

"बघितलं. चारदा."

त्यावर तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे बघितलंत. मी तुमच्यासमोर इतकं आधी कधी बोलले नव्हते. तुम्ही म्हणालात, "जा, कामाला लाग." मी गेले. चार दिवस मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही, तुम्हाला आठवत असेल. पेशंट गेले की रोज दुपारी मी ओसरीवर सगळी पिवळी कार्डं मांडायची, शेजारी लाल. येताजाता तुमचा पाय त्यांच्यात अडखळावा अशीच मांडायची. आप्पा म्हणाले, "काय गं, पोरी दाखवायचा कारेक्रम हाय व्हय? पिवळ्यांचं एकीचं बी जमंना?"

"जमंना," मी म्हटलं.

"मग स्थळंच वंगाळ आसत्यात," आप्पा म्हणाले आणि तुमच्याकडे बघून मिशीत हसले.

पाचव्या दिवशी तुम्ही पुण्याला निघालात. मला ये म्हणाला नाहीत, पण नको असंही म्हणाला नाहीत, म्हणून मी एसटीत बसले. लायब्ररीत तुम्ही माझा गठ्ठा घेतलात आणि एकेक पिवळं कार्ड स्वतः थोरलीत शोधलंत. आधी विषयाखाली, मग लिहिणाऱ्याच्या नावाखाली. दुपारचा डबा तसाच राहिला. मी समोर हात मांडीवर ठेवून बसले. माझ्या मनात काय चाललं होतं सांगू? सापडू नये असं चाललं होतं. तुमचं चुकावं असं चाललं होतं.

सापडली नाहीत. परतीच्या एसटीत शिक्रापूर मागे गेलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणालात, "धाकटीची जुनी वर्षंही काढायला हवीत."

एवढंच. तुझं बरोबर होतं असं तुम्ही त्या दिवशी म्हणाला नाहीत, नंतरही नाही. ते चौथीचं वाक्यही परत घेतलं नाहीत. मी वाट बघत होते. आता ते यायचं नाही. पण त्यानंतर जोड्या लावायला तुम्ही एकदाही माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं नाहीत, हे मी टिपलंय. तुमच्याकडून मिळायचं ते तसंच मिळायचं.

मग लेखांच्या नकला टपालानं यायला लागल्या. संध्याकाळी दवाखाना झाडून झाला की तुम्ही वाचायचात आणि मला मराठीत सांगायचात. एका संध्याकाळी तुम्ही लाल कार्डांच्या नकला एकामागून एक उलटत होतात आणि थांबलात. म्हणालात, "अनुसया, यातली बरीचशी लेकरं बाटलीची आहेत." परदेशातली, दवाखान्यात ठेवलेली, डब्याच्या दुधावरची. त्यांचं दूध थांबवलं असं लिहिलं होतं आणि आपले डॉक्टर तेच वाचून आपल्या बायकांना सांगत होते. अंगावर पिणारी लेकरं होती ती पिवळ्यांत. आपल्याकडच्या दवाखान्यांतली, आपल्यासारख्या आयांची, आणि ज्यांचं दूध चालू ठेवलं ती लवकर सावरली असं त्यांत लिहिलं होतं. थोरलीत त्यांची गणतीच नव्हती. खोटं थोरलीत काही नव्हतं, बाई. पण ज्यांच्याबद्दल विचारायचं ती लेकरंच तिच्यात नव्हती. नुसती थोरली धरली असती तर आपण मेहनत करून, खंड-पान जुळवून, त्या दौंडच्या चिठ्ठीपाशीच पोचलो असतो.

त्या संध्याकाळी तुम्ही दिवा लावायचं विसरलात. मी उठून लावला.

पण आपलं भांडण मिटलं असं लोकांनी समजू नये. मी तुम्हाला विचारलं होतं, धाकटीतही जे आलं नाही त्याचं काय? आमच्या वडगावची सुईण कधी कुणाचं दूध तोडू देत नसे. सासवांशी भांडून पाजायला लावायची. तिची लेकरं कुठल्या यादीत?

तुम्ही म्हणालात, "तिनं लिहून ठेवलंय का? किती वाचली, किती गेली?"

"तिला लिवता येत न्हाई."

"मग मला ते धरता येत नाही."

"तुमाला धरता येत न्हाई म्हंजी ते झालंच न्हाई व्हय?"

"असं मी म्हटलं का? धरता येत नाही एवढंच म्हटलं."

यावर आपण तीनदा तरी भांडलो. तुमचं खरं असेल. वाचलेली लेकरंच आठवतात, गेलेली कोण सांगतं, हे तुमचं म्हणणं मला आता कळतं. तरी माझा प्रश्न मी मागे घेतलेला नाही.

आणि धाकटीची चार वर्षं राहिली. ते खंड बांधणीला गेले होते. तुम्ही म्हणालात, दसऱ्यानंतर जाऊ. दसरा तुम्हाला दिसला नाही.

आता कालचं. सर आले, तुमच्या खुर्चीवर बसले. माणूस वाईट नाही. तुमच्या फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "तूच अनुसया ना? पेट्या कुठे आहेत? लेख मी पुरा करून पाठवतो. तिचं नाव राहील."

मी पेट्या आणून ठेवल्या. त्यांनी लाल बघितली, जांभळी बघितली, पिवळी उघडून मिटली. "ही नको. ह्या सूचीला बाहेर कोण ओळखतो? मोठ्या सूचीवर काम केलं म्हटलं की पुरे. सुटसुटीत होईल."

बाई, आप्पा दारात होते. मी पिवळी पेटी उचलून पोटाशी धरली आणि म्हटलं, "मग लाल बी मिळायची न्हाई."

सरांना वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही. "काय म्हणालीस?"

मी कार्डं काढली. पिवळी टेबलावर मांडली, लाल बाजूला मांडली, टाचणी लावलेल्या जोड्या वेगळ्या. इंग्रजी येत नसताना त्यांना एकेक खंड आणि पान दाखवलं. लाल पेटीतली लेकरं कशावर वाढलेली होती ते तुम्ही सांगितलं होतं तसं सांगितलं. मान खाली होती, पण सांगितलं. ते बराच वेळ कार्डं उलटत राहिले. मग त्यांनी कागद घेतला आणि कुठे कुठे शोधलं ते इंग्रजीत लिहिलं. माझ्याकडे सरकवून म्हणाले, "झालं समाधान?"

तिन्ही याद्यांच्या नावांची अक्षरं मला पाठ आहेत. मी ओळीवरून बोट फिरवलं. दोनच होती.

"धाकटी कुठाय?"

आप्पा खोकले. सरांनी तिसरं नाव लिहिलं. मी कागद सोडला नाही. म्हटलं, "तिची चार वर्सं बघायची ऱ्हायली, ते बी लिवा. कोणची वर्सं, त्ये सुदिक."

"असं कोणी लिहीत नाही. लोक म्हणतील काम अर्धवट आहे."

"अर्धवटच हाय, सर."

"तिनं हे मान्य केलं असतं?"

"न्हाई," मी म्हटलं.

खरं तेच सांगितलं. तुम्ही मान्य केलं नसतंत. लपवलं नसतंत, पण चार वर्षं पुरी झाल्याशिवाय एक ओळ बाहेर जाऊ दिली नसतीत. दसरा, मग दिवाळी, मग खंड बांधून आले नाहीत म्हणून पुढचं साल. तुमचा हा हट्ट मला माहीत आहे. सरांनी ते लिहिलं. मी म्हटलं, खाली मराठीतही लिहा. लिहिलं. मी वाचलं, दोनदा. लाल आणि जांभळी पेटी त्यांना दिली. पिवळी इथेच ठेवली आहे. छापायला द्यायचा कागद आधी मला दाखवतील, मग ती मिळेल. जाताना सर आप्पांना म्हणाले, "ही बाई फार हट्टी आहे." आप्पा म्हणाले, "व्हय साहेब. बाईंचंच पाणी हाय."

खंड आले की उरलेली चार वर्षं मी उतरवणार आहे. तुमच्याशिवाय मला तिथे आत सोडतील का, माहीत नाही. विचारीन. मथळा कोणी दाखवील तर ठीक, नाहीतर पानापानावर बोट फिरवीन. निघेल ते मागाहून जोडता येईल.

पण लेख थांबणार नाही. जेवढं झालं तेवढं, अपुरं आहे असं सांगून, तो जाईल. तालुक्यात आजही कुठेतरी एखादी पोर भरल्या उरानं बसली असेल आणि तिला कोणी पाजू नको म्हणत असेल. ती दसऱ्यापर्यंत थांबू शकत नाही. तुम्ही म्हणाल, घाई करतेस, चुकशील. आधी चुकले होते, तेव्हा तुम्ही बोललात आणि मी ऐकून घेतलं.

या वेळी तुमचं म्हणणं काय असतं, ते मला पक्कं ठाऊक आहे. आणि मी ते ऐकणार नाही.

अनुसया